एक कुटुंब, एक अर्ज

१ ऑगस्ट. चहा व्हायच्या आधी

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यात. पुढेमागे कुणी विचारलं, ही आयडिया मुळात कुणाची, तर पुरावा हवा. मात्र रोजनिशी कुणाला दाखवायची नाही. मग पुरावा कसा होणार, हा प्रश्न आहे. तो नंतर बघू.

काम: शकुचे अर्ज.

शकु म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, हरेश्वरची बायको. हरेश्वर मे महिन्यात काविळीने गेला. शकु मार्केटला मासळी विकते. गुडघे कामातून गेलेत, आता फार वेळ बसवत नाही. मुलगी निशा, तिचा नर्सिंगला नंबर लागलाय. तर शकुला विधवा पेन्शन पाहिजे, रेशन पाहिजे, आरोग्य कार्ड पाहिजे आणि निशाला फी सवलत. योजना चार, ऑफिसं चार, फॉर्म चार. आणि चारही ठिकाणी तेच ते कागद. शकु काल रडकुंडीला आली होती. म्हणाली, दादा, एकेका ऑफिसात माझी सकाळ जाते, तिथे पाटीतली पापलेटं नरम पडतात, मला काय ते समजत नाय.

मला समजतं. मी सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. दांड्याच्या या कोळीवाड्यात आमच्या घराण्यातला समुद्रावर न गेलेला मी पहिला पुरुष. (मला बोट लागते. त्यावरून अजून चेष्टा होते.) पण कागदावर मला कधी काही लागलेलं नाही.

निश्चय: चार अर्जांचा एक अर्ज करायचा. एक कुटुंब, एक अर्ज. गणपतीपर्यंत सगळं हातात.

३ ऑगस्ट

डिझाइन सुरू. नाव ठेवलं, ‘एकत्रित कुटुंब माहिती पत्रक’. नलिनीला, म्हणजे आमच्या हिला, दाखवलं. ती म्हणाली, पत्रक राहू दे, तुम्ही शकुबरोबर ऑफिसला जा आणि तिच्या जागी रांगेत उभे राहा, तेवढं पुष्कळ झालं. 

रांगेत कुणीही उभं राहील. त्याला हेडक्लार्क कशाला पाहिजे?

पत्रक बावीस पानी झालं आहे. पण एकच आहे.

६ ऑगस्ट

मूळ दुखणं सापडलं. घरात दोन रेशनकार्डं.

आमच्यात घर एक असलं तरी मुलाचं लग्न झालं की चूल वेगळी होते. वडिलांनी स्वतः वाटून दिल्या होत्या: खालची चूल हरेश्वरची, वरची माझी. भांडण नाही, तंटा नाही. वास एकमेकांच्या घरात, कालवणाची वाटी वरखाली, पण चूल वेगळी. आणि चूल वेगळी म्हणून कार्डही वेगळं. बापजाद्यांपासून असंच चालू आहे आणि कुणी का म्हणून विचारलेलं नाही. ऑफिसच्या भाषेत याला डुप्लिकेशन म्हणतात.

कुटुंब एक असेल तर कार्ड एक पाहिजे. त्याशिवाय अर्ज एक होणार कसा? पाया पक्का करून घेतो.

शकुला वर बोलावून समजावलं. तिने एवढंच विचारलं, दादा, याच्यानं काय बिघडणार नाय ना? मी म्हटलं, शकु, मी आहे ना. मग मी बोट ठेवीन तिथे तिने सह्या केल्या. एक अक्षर वाचलं नाही. याला म्हणतात विश्वास.

नलिनीने विचारलं, हे करण्याआधी कुणाला विचारलंत का? मी कुणाला विचारू? लोक मला विचारायचे.

१४ ऑगस्ट

कार्डं एकत्र झाली. झटपट. रेशन ऑफिसच्या खिडकीतल्या पोऱ्याने दोनदा विचारलं, काका, नक्की एकत्र करायची? इथे सगळे वेगळी करायला येतात. मी म्हटलं, तेच तर या देशाचं दुर्दैव आहे. तो म्हणाला, बरं, आणि बटण दाबलं.

पाच नावं. मी, नलिनी, प्रज्योत, शकु, निशा. प्रज्योत आमचा मुलगा. बीकेसीतल्या कंपनीत नोकरी, लग्न झाल्यापासून नाहूरला राहतो. नाव मात्र मी काढू दिलेलं नाही. एकदा नाव काढलं की माणूस नाहूरचाच होतो.

किरकोळ चूक: कुटुंबप्रमुख म्हणून नलिनीचं नाव छापून आलं. त्या पोऱ्याला दाखवली. तो म्हणाला, चूक नाही, घरातली सगळ्यात मोठी बाई प्रमुख असते, नियम आहे. नलिनीला सांगितलं तर ती हसली. मीही हसलो. कागदावर काय, काहीही असतं.

२२ ऑगस्ट

चारही ऑफिसांत अर्ज दाखल. जोडीला बावीस पानी पत्रक.

पहिल्या ऑफिसने वरचं पान ठेवून बाकीची परत दिली. दुसऱ्याने हा आमचा फॉर्मच नाही म्हणून सांगितलं, पण सभ्यपणे. तिसऱ्या ऑफिसात लाइट गेली होती. तिथले साहेब माझं पत्रक बराच वेळ हातात धरून होते. वारा घेत होते, पण मधूनमधून नजर जात होती. चांगली खूण आहे. चौथ्या ऑफिसात पत्रक देताच आलं नाही, आतून कुणी आलं नाही.

निशा कॉलेजातून आली ती थेट वर. उत्पन्नाचा दाखला आणि सवलतीचा कागद सप्टेंबरअखेर दिला नाही तर पूर्ण फी भरा, नाहीतर सीट सोडा, असं सांगितलंय म्हणाली. काका, तारीख चुकवू नका हां. मी म्हटलं, बेटा, मी आयुष्यात तारीख चुकवलेली नाही. ती हो म्हणाली, पण दारातून पुन्हा वळून म्हणाली, नक्की ना?

या पिढीत धीर नाही.

३० ऑगस्ट

गणपतीत विपुल घरी आला. गल्लीतलाच मुलगा, आता पक्षाचं काम करतो, पांढरा शर्ट घालतो. माझी संकल्पना त्याला नीट उलगडून सांगितली. मोदक संपले तरी हलला नाही. मोबाइल समोर ठेवून सगळं रेकॉर्डसुद्धा केलं. म्हणाला, काका, झकास आहे यार, तुम्ही आयुष्यभर कुठे होतात?

शेवटी एक तरी माणूस भेटला.

५ सप्टेंबर

चारही अर्ज नामंजूर. काल एकाच दिवशी, शकुच्या मोबाइलवर, एकामागोमाग एक. एकत्रीकरणामुळे सगळे निकाल एकदम लागले, एवढा फायदा मान्य करायला हवा.

कारण: कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

म्हणजे झालं असं. माझी पेन्शन आणि प्रज्योतचा बीकेसीतला पगार, दोन्ही शकुच्या नावासमोर लागले. कॉम्प्युटरच्या मते शकु ही एका खात्यापित्या घरातली बाई असून हौस म्हणून बोंबील विकते.

दोष सरळसरळ कॉम्प्युटरचा आहे. कुटुंब एक मानायचं ठरवल्यावर त्यातल्या माणसांचे पैसे एक मानायचे, असं कोणी सांगितलं होतं?

शकुला रात्रीच हे सगळं समजावून सांगितलं.  आज सकाळी ती गुडघ्याला पट्टा बांधून पाटी घेऊन गेली. एरवी जाताना जिन्यातून हाक मारते, दादा, येते हां. आज मारली नाही. लक्षात नसेल.

९ सप्टेंबर. दुपार

रागात लिहितोय, अक्षर खराब येतंय.

जेट्टीच्या रस्त्याला मांडव. मांडवावर बॅनर. बॅनरवर हे भलं मोठं: ‘एक कुटुंब, एक अर्ज! भव्य मोफत शिबिर.’ आणि खाली: ‘संकल्पना: आपला विपुलभाऊ.’ फोटोत विपुल हात जोडून हसतोय. माझं नाव नाही. कुठेच नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मंडप डेकोरेटरचं नाव आहे, माझं नाही. ज्याने माझे मोदक खाल्ले त्याने.

जाब विचारायला आत गेलो. तिथल्या पोरीने मला टोकन दिलं. बसलो. नंबर आला तेव्हा विपुल जेवायला गेला होता. दुसऱ्या पोरीने चहा दिला आणि विचारलं, आजोबा, निराधार योजना का?

उठलो. आणि उठल्यावर दिसलं. मागच्या रांगेत, लाल खुर्च्यांवर, नलिनी आणि शकु. नलिनीच्या मांडीवर माझी फाइल. माझी.

घात झाला. परक्याने केला तर समजतं. विपुल परका. पण ज्या बाईला गेली चाळीस वर्षं रोज सकाळी पेपर वाचून दाखवतो तिनेसुद्धा?

११ सप्टेंबर

नलिनीने सांगितलं ते असं. उपाय सोपा आहे, मागे फिरायचं. कार्डं पुन्हा वेगळी करायची. त्यासाठी मी लिहून द्यायचं की चुली पहिल्यापासून वेगळ्याच होत्या आणि एकत्र केलं ती माझी चूक झाली.

स्वच्छ नकार दिला. चुली वेगळ्या होत्या हे खरं. पण चूक? चूक माझी नाही. कुटुंब एक आहे हे म्हणणं चूक असेल तर मग बोलायलाच नको. मी वरच्या साहेबांकडे अपील करणार आहे. कव्हरिंग लेटर तयार आहे, सोबत पत्रक जोडतो. आणखी चार पानं घातली आहेत.

संध्याकाळी शकु वर आली. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. म्हणाली, दादा, निशाचं वर्ष जाईल. मी तिला अपिलाची पद्धत समजावून सांगितली. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, सुनावणी. ती ऐकत होती. मधेच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग म्हणाली, दादा, सही करा ना. मी म्हटलं, शकु, तत्त्वाचा प्रश्न आहे.

ती एकेक पायरी धरून खाली गेली. मला वाईट वाटलं. एका माणसाने घरासाठी एवढं करावं आणि त्याचं कुणाला काही असू नये, याचं वाईट वाटलं.

१५ सप्टेंबर

प्रज्योत आला. सुट्टी नसताना, नाहूरहून. वर येऊन पाया पडला, तब्येत विचारली, आणि जो खाली गेला तो जेवूनच आला. खाली बरीच खलबतं. मी जिना उतरलो की सगळे गप्प. निशा तर एकदा चक्क हवामानावर बोलायला लागली.

मला अंदाज आला आहे. या महिनाअखेर माझा वाढदिवस. गुपचूप काहीतरी ठरतंय. नलिनीने माझ्या आधारकार्डाची झेरॉक्ससुद्धा मागून नेली. हॉल बुक करायला आयडी लागतो.

उशिरा का होईना, चूक उमगली म्हणायची. रागावलो होतो, पण मनातून काढून टाकलं. भाषण छोटंच करीन.

१९ सप्टेंबर

रेशन दुकानात गेलो होतो. मशीनवर अंगठा ठेवला. नाही म्हणालं. दुसरा ठेवला. नाही. हात धुऊन आलो. नाही. दुकानदार धोंडिराम, शेजारीच राहतो, त्याने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, अनंता, अंगठ्याचं काय नाय रे. या कार्डावर तू नाहीच.

कार्डावर तीन नावं. नलिनी, शकु, निशा.

घरी आलो. नलिनी खालच्या मोरीशी मांदेली साफ करत होती. हातातलं काम न थांबवता तिने सगळं सांगितलं. कार्ड वेगळं करायला माझी सही लागत होती, आणि वर दोन महिने. नाव कमी करायला एक पान आणि कुटुंबप्रमुखाची सही. आठवड्यात काम. म्हणून प्रज्योतचं आणि माझं नाव कमी केलं. आता कार्डावर उरलं ते शकुचं मासळीचं उत्पन्न, म्हणजे मर्यादेच्या आत. विपुलच्या मांडवातल्या पोरीने सुचवलं आणि प्रज्योतने फॉर्म भरला.

माझ्या पोटच्या पोराने.

कारणाच्या रकान्यात प्रज्योतच्या नावापुढे लिहिलंय: स्थलांतर. माझ्या नावापुढे: विभक्त.

मी विचारलं, विभक्त? या वयात? लोक काय म्हणतील? ती म्हणाली, चारच पर्याय होते. मृत्यू, विवाह, स्थलांतर, विभक्त. त्यातल्या त्यात बरा निवडला. पहिला चालला असता का? मग मांदेली धुवायला घेत म्हणाली, आणि एका पानाचा अर्ज आहे, सोपा, तुम्हाला आवडायला हवा.

शकु आतल्या खोलीत रडत होती. म्हणत होती, वहिनी, दादांचं नाव काढू नका म्हटलेलं मी. नलिनीने तिला गप्प राहायला सांगितलं. म्हणजे या घरात माझ्यासाठी रडणारी एकच व्यक्ती, आणि तिलाही गप्प केलं.

जेवलो नाही. मांदेली कुरकुरीत होती असं ऐकलं.

२१ सप्टेंबर

आणखी एक. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चौकशीला साहेब घरी येणार. नवरा-बायको विभक्त आहेत म्हणता आणि एका घरात राहता, तर चुली खरंच वेगळ्या आहेत का, ते बघणार.

नलिनी खाली राहायला गेली. मसाल्याचे डबे, तवा, तिची उशी, सगळं नेलं. मला एक शेगडी, एक पातेलं, चहाचा डबा ठेवला. म्हणाली, साहेब आले की शेगडीवर काहीतरी ठेवा, राहता माणूस दिसला पाहिजे.

मी कुणाच्या नाटकात काम करणार नाही. साहेबांना खरं तेच सांगणार. हे एक कुटुंब आहे आणि मी त्याचा प्रमुख आहे. मुद्दे काढले आहेत. भले दाखला न मिळो. तत्त्व म्हणून काही आहे की नाही?

मुद्दे मोठ्याने वाचून बघितले. चांगले वाटले. वर ऐकायला कुणी नव्हतं.

२४ सप्टेंबर

साहेब आले. तरुण, घामाघूम, गळ्यात आयकार्डाचा पट्टा. आधी खाली बघितलं, मग वर आले. मागोमाग नलिनी, शकु, निशा. जिन्यात धोंडिराम, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

शेगडीवर पातेल्यात पाणी ठेवलं होतं. त्यात काहीच घातलेलं नव्हतं. साहेबांनी झाकण काढून बघितलं आणि परत ठेवलं.

मग मला विचारलं, काका, तुम्ही यांच्यापासून वेगळे राहता?

मुद्दे खिशात होते. तोंड उघडलं. निशा माझ्याकडे बघत नव्हती. खाली फरशीकडे बघत होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. हरेश्वर परीक्षेच्या निकालाला असाच उभा राहायचा.

मी म्हटलं, होय. वेगळा राहतो.

हे मी केलं. रोजनिशीत नोंद असावी.

साहेबांनी नलिनीला विचारलं, बाई, एवढ्या वर्षांनंतर विभक्त का झालात? मला वाटलं, आता ही अडखळणार, मला सावरून घ्यावं लागणार. पण ती बोलायला लागली. मला शिवणाचं दुकान टाकायचं होतं, म्हणाली, तर हे म्हणाले आधी प्रोजेक्ट रिपोर्ट पाहिजे. रिपोर्ट लिहायला घेतला, तो अजून लिहितायत. मशीन गंजली, भंगारात दिली. माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी शुद्धीवर आले तर हे शेजारी नव्हते, नर्सला फाइल कशी लावायची ते शिकवत होते. आधी करतात, मग सांगतात, आणि सांगतात तेव्हाही नुसतं सांगतात, विचारत नाहीत. या विधवेच्या सह्या घेतल्या तेव्हा मी म्हटलं होतं, कुणाला तरी विचारा. सगळं एकसुरात. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. जिन्यातून धोंडिराम म्हणाला, बरोबर आहे साहेब, गल्लीला माहीत आहे.

साहेबांचं पेन थांबलं होतं. ते नलिनीला म्हणाले, बाई, एवढी वर्षं कशी काढलीत हो? आणि पुढे काही न विचारता सही केली.

नलिनीने अभिनय फार उत्तम केला. मशीनचा आणि ऑपरेशनचा तपशील खरा घातल्यामुळे परिणाम आणखी वाढला. मी स्वतः क्षणभर हेलावलो. तिच्यात हे अंग आहे याची मला कल्पना नव्हती.

२९ सप्टेंबर

दाखला मिळाला. निशाची सीट पक्की. ती पेढे घेऊन वर आली, पाया पडली, थँक्यू काका म्हणाली. म्हटलं ना, मी तारीख चुकवत नाही. शकुने सकाळी जिन्यातून हाक मारली, दादा, येते हां. पेन्शनचा अर्जही आत गेला.

काल वाढदिवस होता. हॉल वगैरे काही नव्हता. खालून खिरीची वाटी आली.

आज नलिनी चादर न्यायला वर आली. मी म्हटलं, चौकशी झाली, आता ये वर. ती म्हणाली, पेन्शनची चौकशी वेगळी असते, दुसरे साहेब येतील, दिवाळीपर्यंत खालीच बरं. मी म्हटलं, ठीक आहे, तोवर थांबू. मग सहज म्हणून विचारलं, त्या दिवशी साहेबांना सांगितलंस ते सगळं तुला कुणी लिहून दिलं होतं? विपुलने?

ती चादरीची घडी घालत होती. म्हणाली, लिहून कशाला द्यायला पाहिजे. साहेबांनी विचारलं म्हणून सांगितलं. तोवर कुणी विचारलं नव्हतं.

म्हणजे तो अभिनय नव्हता. ऐकलं आणि खुर्चीत बसलो. मी म्हटलं, अगं, मग मला सांगायचंस ना. चाळीस वर्षांत एकदा तरी.

ती म्हणाली, तुम्ही बोलत होतात.

यावर माझं म्हणणं असं होतं की... पण तोवर ती चादर घेऊन जिना उतरून गेली होती.